दोन बोटं मार्जिन

आमच्या मास्तरांच्या पायावर बेतलं ते डासामुळे नाही, त्यांच्या हुशारीमुळे. मी हे सांगायला लागले की लोक आधी हसतात आणि मग मलाच विचारतात, "पण तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" म्हणून आता एकदाच सगळं नीट सांगते. मधे बोलू नका.

मास्तर म्हणजे माझा नवरा. धंद्याने शिंपी. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. त्यातल्या एकीत माझी थोरली नणंद राहते, तिला सगळे ताई म्हणतात. ताई पोस्टातून निवृत्त झाल्यापासून आमच्या घरावर शिक्के मारायचं काम करतात. दुकानात मापं, कटिंग, शिलाई मास्तरांची. काजं, बटणं, तुरपाई आणि गिऱ्हाइकांशी भांडणं माझ्याकडे. एकतीस वर्षं ही वाटणी नीट चालली आहे.

त्या आठवड्यात बँडवाल्यांचे चोवीस कोट आले होते. गडद निळे, पुढे सोनेरी फीत, खांद्यावर झालरी. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी त्यांची कुठलीशी स्पर्धा होती. बँडचे म्होरके स्वतः मोठा ढोल वाजवतात, त्यांना मी ढोलवालेच म्हणते. ते रोज एकदा दुकानात डोकावून "होतील ना?" विचारायचे, आणि मास्तर रोज "झालेच समजा" म्हणायचे. मास्तरांचं "झालेच समजा" म्हणजे अजून कापड भिजवायचंय.

तर शनिवारी मास्तरांच्या उजव्या पोटरीला डास चावला. आता डास तुम्हाला चावतो, मला चावतो, आपण नखाने खाजवतो. मास्तर नखाने खाजवत नाहीत. नखांत घाण असते, म्हणे. ते कात्रीच्या टोकाने खाजवतात. त्याच कात्रीने त्यांनी सकाळी मशिनच्या पोटातला तेलकट कापूस उकरून काढला होता. मी म्हटलं, "अहो, ती कात्री तरी पुसा." तर म्हणाले, "लोखंड आहे ते, त्याला काय होतंय." लोखंडाला काहीच झालं नाही, ते बरोबर आहे.

रविवारी तिथे फोड आला. सोमवारी सकाळी फोडाभोवती तळहाताएवढा भाग सुजला. मास्तर रंगाने सावळे, त्यामुळे लाल म्हणावं तसं लाल दिसत नव्हतं, जांभळट दिसत होतं आणि कातडी ताणून चकाकत होती. ताईंनी चष्मा नाकावर ओढला, वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "गळू आहे. पिळून काढ."

"पिळायचं नाही," मी म्हटलं.

"मग टूथपेस्ट लाव. आमच्या पोस्टात सगळे लावायचे."

पोस्टात लोक तिकिटं चिकटवायची सोडून टूथपेस्ट कुठे लावत होते, हे मी विचारलं नाही. मी चहा ठेवायला आत गेले तेवढ्यात ताईंनी आधी टूथपेस्ट, वर बटाट्याचा कीस आणि त्याच्यावर खोबरेल तेल असे तीन थर दिले. मी परत आले तर मास्तर पाय पुढे करून बसलेले आणि दुकानभर पुदिन्याचा वास. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच त्यांना हाताला धरून कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई वयाने लहान आहेत, पण समोरच्याला पोरासारखं झापतात, म्हणून मला आवडतात. त्यांनी हातमोजे घातले, कीस बाजूला केला आणि विचारलं, "हे काय आहे?"

"बटाटा," मास्तर म्हणाले.

"तो मला दिसतोय. का आहे?"

मास्तर बटाट्याकडे बघत बसले. बहिणीचं नाव घेतलं नाही, एवढी त्यांच्यात निष्ठा आहे. बाईंनी पाय साबणाने धुवायला लावला, मग हाताची मागची बाजू आधी चांगल्या पोटरीला लावली, मग सुजलेल्या. मलाही तसंच करायला लावलं. एक पाय पायासारखा आणि दुसरा नुकत्याच बंद केलेल्या इस्त्रीसारखा.

"गरम, सुजलेलं, दाबलं की दुखतंय आणि कडा पसरतेय," बाई म्हणाल्या. "कातडीतून जंतू आत शिरलेत. सावळ्या अंगावर नुसता लाल रंग शोधत बसायचं नाही, हात लावून बघायचं. पिळायचं नाही, टोचायचं नाही, काही फासायचं नाही. हात धुवायचे, टॉवेल वेगळा ठेवायचा. गोळ्या सात दिवस, बरं वाटलं तरी सातही दिवस. आणि पाय उशीवर, वर."

"किती वेळ वर?" मास्तरांनी विचारलं.

"मी सांगेपर्यंत."

मग त्यांनी पेन काढलं. सुजेच्या कडेने रेघ मारायची, म्हणजे ती पसरते की आटते ते कळतं. पण ताईंचं तेल असं मुरलं होतं की पेन नुसतं घसरत राहिलं. दुसरं पेन घेतलं, तेही तसंच. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती. बाई म्हणाल्या, "घरी जाऊन पुन्हा धुवा, कोरडा करा आणि कडेने रेघ मारा. लाली रेघेबाहेर गेली, ताप आला किंवा थंडी वाजली, तर थांबायचं नाही. त्याच पावली यायचं, मी नसले तर थेट मोठ्या दवाखान्यात. हा आजार पायात राहिला तर ठीक, रक्तात गेला तर जिवाशी खेळ आहे."

मास्तर बसल्या जागी ताठ झाले. "रेघेचं तुम्ही माझ्यावर सोडा," ते म्हणाले. "रेघा मारण्यातच हयात गेली."

इथे माझी चूक झाली. मी त्यांच्यावर सोडलं.

घरी आल्यावर मी पेन दिलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं आणि आपला चपटा पांढरा खडू घेतला. पाय खुर्चीवर ठेवून, जीभ दातात धरून, एका झटक्यात अशी सुरेख गोल रेघ काढली की ढोलवाल्यांच्या कोटाच्या बगलेचा मुंढासुद्धा तेवढा सुरेख नव्हता. ताईंनीही मान डोलावली. मी बघितलं, सूज रेघेच्या आत होती, म्हणून मी काजं करायला बसले.

पुढचे चार दिवस माझं वेळापत्रक ठरलेलं. सकाळ-दुपार-संध्याकाळ गोळी हातावर ठेवायची, गिळेपर्यंत समोर उभं राहायचं, गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायचं. गोळ्यांत मास्तरांनी एकदाही फसवलं नाही, हे मी कोणासमोरही सांगेन. पायाचं मात्र सांगता येणार नाही. मी दुकानात गेले की पाय कोटांच्या ढिगावर विराजमान. मी स्वयंपाकघरात गेले की मशिनचा खडखडाट सुरू. एकदा मी आतूनच ओरडले, "मशीन कोण चालवतंय?"

"ताई," मास्तरांचं उत्तर आलं.

ताई माझ्यासमोर बसून शेंगा सोलत होत्या. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ताई म्हणाल्या, "मी चांगली चालवते गं."

रोज संध्याकाळी मी दिव्याखाली पाय तपासायचे. आपण काही अडाणी नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं कळतं. रेघ बघायची, लाली बघायची. लाली रेघेच्या आत. मंगळवारी आत, बुधवारी आत, गुरुवारी आत, आणि दर वेळी कशी, चांगली ऐसपैस आत. माझा जीव भांड्यात पडायचा. गुरुवारी तर मी शेजारणीला बोलावून दाखवलं, हे बघा, रेघेला शिवलीसुद्धा नाही. शेजारीण म्हणाली, मास्तरांनी रेघ काय सुंदर काढलीय. मास्तर लाजले.

शुक्रवारी सकाळी मी भाजी घेऊन आले तर मास्तर मशिनवर. आणि अंगात बँडचा कोट. निळा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, खांद्यावरच्या झालरी थरथरताहेत. बाहेर कडक ऊन. ताई पंख्याखाली घाम पुसत होत्या.

"हे काय सोंग?" मी विचारलं.

"फि-फिटिंग बघतोय," मास्तर म्हणाले. दात दातांवर आपटत होते.

"कोणाचं फिटिंग?"

"क्ला-क्लॅरिनेटवाल्याचं."

क्लॅरिनेटवाला मास्तरांच्या दीडपट आहे. मी पिशवी टाकली आणि कपाळाला हात लावला. भाजत होतं. विजार वर सरकवायला गेले तर सरकेना. एकतीस वर्षं मास्तर स्वतःच्या विजारी स्वतः शिवतात, ढगळ शिवतात, आणि ती विजार उजव्या पोटरीवर अशी चिकटली होती की मला ती शिवणीवर उसवावी लागली. आतली खडूची रेघ आता गुडघ्याच्या खाली आणि घोट्याच्या वर पोचली होती. लाली मात्र तशीच, रेघेच्या आत. ऐसपैस.

मी टेप काढला. डावी पोटरी तेरा इंच. उजवी सव्वापंधरा. कापड धुतल्यावर आटतं हे माहीत होतं, पाय वाढतो हे पहिल्यांदाच पाहिलं. मी टेप तसाच हातात धरून खाली बसले.

"अहो," मी हळू आवाजात म्हटलं. मी हळू बोलते तेव्हा ते घाबरतात. "तुम्ही रेघ कुठे मारली होती?"

"कडेने."

"कडेला लागून?"

मास्तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना उलट्या बाजूने कापड कापायला सांगितलं. "लागून कशी मारीन? लागून मारली तर शिवणीला काय राहील? दोन बोटं मार्जिन सोडलं."

मी डोळे मिटले. या माणसाने उभ्या आयुष्यात कुठलीच रेघ कडेला लागून मारलेली नाही. गिऱ्हाईक जाड झालं तर उसवून सैल करता यावं म्हणून हा बाहीत सोडतो, बगलेत सोडतो, विजारीच्या तळाशी सोडतो. आता स्वतःच्या आजारालाही वाढायला जागा सोडली होती.

"आणि खडू पुसला गेला की?"

"पुन्हा मारली."

"किती वेळा?"

"चार," मास्तर म्हणाले. "म्हणजे पहिली धरून पाच."

"दर वेळी दोन बोटं?"

"माप म्हणजे माप," ते म्हणाले, आणि त्यांचे दात पुन्हा वाजायला लागले.

दहा बोटं. मी मनात हिशेब केला आणि मला वेड लागायची पाळी आली. मी त्यांना काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. ताई मधे पडून म्हणाल्या, "अगं, थोडी टूथपेस्ट..." आणि मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं तर त्या वर जाऊन चप्पल घालूनच खाली आल्या.

मी कोपऱ्यावर धावत जाऊन आले, तर डॉक्टरीणबाईंच्या दाराला कुलूप, शुक्रवारी त्या दुपारनंतर बसतात. त्याच वेळी ढोलवाले "होतील ना?" विचारायला आले. त्यांनी आपल्या बँडचा कोट मास्तरांच्या अंगात पाहिला, उसवलेली विजार पाहिली, माझं तोंड पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. बाहेर त्यांचा टेम्पो उभा होता. तालमीला निघालेला, वाद्यांनी भरलेला. आम्ही मास्तरांना उचलून मागे ठेवलं. पाय वर ठेवायचा हे मला पक्कं आठवत होतं, आणि वर ठेवण्यासारखी एकच गोष्ट होती, मोठा ढोल. ठेवला त्याच्यावर.

मग काय, रस्त्यात खड्डा आला की टाच आपटायची आणि ढम. वळण आलं की ढम. सिग्नलवर थांबलो तर थंडीने मास्तरांचा पाय थरथरायचा आणि बारीक बारीक ढम ढम ढम. लोक रस्त्याच्या कडेला होऊन बघायला लागले. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. मी एका हाताने झांजा आणि एका हाताने नवरा धरून बसले होते आणि मनात एकच चाललं होतं, हा माणूस मला परत घरी न्यायचाय, पायासकट न्यायचाय.

मोठ्या दवाखान्यात दारातल्या बाईने झालरींकडे बघून सांगितलं, "बँडवाल्यांनी बाजूला थांबा, आधी पेशंट." मी म्हटलं, "हाच पेशंट आहे आणि याला थंडी वाजतेय, ताप आहे, पायाची लाली रेघेबाहेर गेलीय." तिने पाय पाहिला. "आतच तर आहे," ती म्हणाली. तेव्हा मी काय ओरडले असेन ते ओरडले, पण पाच मिनिटांत डॉक्टर आले.

डॉक्टर मोठे शांत. त्यांनी कोट काढायला लावला, हात लावून बघितलं, मधला भाग दाबला तिथे आत पाण्याच्या पिशवीसारखं हललं. म्हणाले, आत पू साचलाय, नुसत्या गोळ्यांनी तो निघणार नाही, छोटा छेद देऊन काढावा लागेल, आणि औषध शिरेतून. जागा बधिर करून त्यांनी छेद दिला. मास्तर छताकडे बघत होते. त्यांनी फक्त एकदा विचारलं, "टाके सरळ घालाल ना?" डॉक्टर म्हणाले, टाके घालत नाहीत, उघडं ठेवून रोज पट्टी करतात. मास्तरांना ते काम अर्धवट सोडल्यासारखं वाटलं.

बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "मंगळवारी आणायला हवं होतं. आता आपण दोन दिवस बघू. औषधाने उतरलं तर ठीक. नाही उतरलं, तर आत किती खोल गेलंय ते मोठं उघडून बघावं लागेल, आणि मग पायाबद्दल मी आत्ता शब्द देत नाही." मी मान हलवली. ते गेल्यावर मी नर्सबाईंकडे पेन मागितलं.

नर्सबाईंनी पक्क्या शाईचं पेन आणलं. मी हात पुढे केला. "मी मारते," म्हटलं. आणि मी मारली, लालीला अगदी चिकटून, केसाचंही अंतर न ठेवता. वेळ आणि तारीखही लिहिली. मास्तर बघत होते.

"कडेला फारच लागून झाली," ते म्हणाले.

"गप्प पडा," मी म्हणाले.

शनिवारी सकाळी लाली रेघेच्या बाहेर होती. थोडीच, पण बाहेर. माझी पाचावर धारण बसली. डॉक्टर म्हणाले, औषधाला पूर्ण एक दिवस द्या. ताई डबा घेऊन आल्या, पायाकडे न बघताच बसल्या. रात्रभर बसून चोवीस कोटांना बटणं लावल्याचं त्यांनी सांगितलं, त्यातले आठ कोट बाह्यांशिवाय होते हे मला नंतर ढोलवाल्यांकडून कळलं. जाताना त्यांनी भावाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "मी हाताला साबण लावून आलेय हं."

दुपारी वॉर्डात सामसूम झाली. मास्तर छताकडे बघत म्हणाले, "एक सांगू? रागावणार नसशील तर."

"रागावणार," मी म्हटलं. "सांगा."

"पहिली रेघ मी सवयीने मारली. पण खडू नंतर पुसला-बिसला नव्हता. मंगळवारी दुपारी ती लाली रेघेबाहेर गेली होती. मी पाहिलं."

मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"मग संध्याकाळी तू येशील, बघशील. म्हटलं, तिचं तोंड कसं होईल. म्हणून ओल्या फडक्याने पुसून नवी मारली. म्हटलं, उद्या उतरेल. मग बुधवारी परत. तू बघायचीस आणि असं हुश्श करायचीस. त्यासाठीच मारत राहिलो."

मी तोंड उघडलं ते त्यांना खडसावायला. एकतीस वर्षांचं सगळं साठलेलं जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. कारण मीही रोज दिव्याखाली रेघच बघत होते. पायाला हात लावून बघा, असं बाईंनी मला सांगितलं होतं, आणि मी चार दिवसांत एकदाही लावला नव्हता. हात लावला असता तर कळलं असतं, आणि मला कळून घ्यायचं नव्हतं.

"यापुढे," मी शेवटी म्हटलं, "मला घाबरायचं असेल तेव्हा घाबरू द्यायचं. कळलं?"

"कळलं," मास्तर म्हणाले.

रविवारी सकाळी नर्सबाई पट्टी बदलायला आल्या. ताप उतरला होता. मी आधी हात धुतले, मग हाताची मागची बाजू पोटरीला लावली. कोमट. मग वाकून रेघ बघितली. रेघ जिथल्या तिथे होती आणि लाली तिच्यापासून मागे सरकली होती. मी बोट ठेवून बघितलं. एक बोट. सगळीकडून एक बोट. मी पुन्हा मोजलं, कारण या घरात मोजण्यावर माझा विश्वास राहिलेला नाही. मग नर्सबाईंना मोजायला लावलं.

"किती?" मास्तरांनी विचारलं.

मला सांगता येईना. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडले, डाव्या पायावर, तेवढी अक्कल मला आहे. नर्सबाई पट्टी हातात घेऊन थांबल्या.

"अगं, किती ते सांग ना," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मी मान वर केली. त्यांना वाटलं होतं, पाय गेला.